वाचकांचे प्रश्न : मोबाइलवरची फाटे फुटणारी कथा

प्रश्न : मी इंदूरला रामबागेत राहते. राजवाडा आणि सराफा यांच्या परिसरात घडणारी, वाचक जशी निवड करील तसे वळण घेणारी कथा मी मोबाइलवरच लिहीत आहे, कारण घरी संगणक नाही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एका साधनात चाळीसेक प्रसंग लिहून झाले होते. परीक्षेमुळे बरेच दिवस ते उघडले नाही आणि नंतर पाहते तो सगळे गायब. शिवाय फाटे इतके वाढले होते की माझाच गोंधळ उडत असे. मोबाइलवर हे काम खरोखर जमण्यासारखे आहे का?

उत्तर : जमण्यासारखे आहे, मात्र कथा लिहिण्याची जागा आणि ती जोडण्याची जागा वेगळी ठेवावी. ब्राउझरमधली अशी साधने मजकूर बहुधा त्या ब्राउझरच्याच साठवणीत ठेवतात. काही ब्राउझर बरेच दिवस न उघडलेल्या संकेतस्थळाची साठवण आपण होऊन पुसून टाकतात, आणि मोबाइलमध्ये जागा करण्यासाठी आपणच ती साफ केली तरी परिणाम तोच होतो. म्हणून कथा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहावी आणि दिवसाचे काम संपले की तिची प्रत स्वतःलाच ईमेलने पाठवावी.

ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये आणलेल्या ‘ट्वाईन’ या अशा कथा जोडण्याच्या मोफत साधनासाठी ‘ट्वी’ ही लेखनपद्धती आहे. तीत प्रसंगाच्या नावाआधी दोन अपूर्णविराम देतात, खाली मजकूर लिहितात आणि निवड, म्हणजे पुढच्या प्रसंगाकडे नेणारा दुवा, अशी नोंदवतात : [[मागच्या गल्लीत शिरा->सराफा]]. अशी फाइल ट्वाईनच्या अलीकडच्या आवृत्तीत आयात करता येते.

खरी अडचण कळफलकाची आहे, आणि ती मराठीत लिहिणाऱ्यालाच भोवते. विसर्ग आणि अपूर्णविराम डोळ्यांना सारखेच दिसतात, पण दोन विसर्ग टंकले तर प्रसंग सुरूच होत नाही. ‘पायऱ्या’ या शब्दातला अर्धा र काही कळफलक नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ऱ-पासून घडवतात, तर काही साध्या र-ला हलन्त आणि एक अदृश्य चिन्ह जोडून. त्यामुळे दुवा एका कळफलकावर आणि प्रसंगाचे नाव दुसऱ्यावर लिहिले गेले, तर पडद्यावर हुबेहूब दिसणारी ती दोन नावे जुळत नाहीत. प्रसंगांना ‘दार’, ‘चौक’ अशी बिनधोक नावे द्यावीत. सरळ अवतरणचिन्हांचे आपोआप वळणदार चिन्हांत रूपांतर करणारी सोय मोबाइलच्या सेटिंगमधून बंद करावी, कारण कोडला सरळ चिन्हेच कळतात.

फाट्यांविषयी सांगायचे तर, प्रत्येक वळणावर दोनच पर्याय ठेवले आणि वाटा कुठेच एकत्र आणल्या नाहीत, तरी दहाव्या वळणानंतर १०२४ शेवट लिहावे लागतात. एवढे लिहिण्याचा उत्साह मला तरी नाही! वाटा मधूनमधून एका प्रसंगात आणून मिळवाव्यात आणि वाचकाने काय केले ते व्हेरिएबलमध्ये, म्हणजे बदलती माहिती साठवणाऱ्या नावाच्या कप्प्यात, लक्षात ठेवावे. तुमचा सराफा याला फार सोयीचा आहे : दिवसा सोन्याचांदीची दुकाने, रात्री त्यांच्याच पुढ्यात खाण्याचे ठेले. त्यासाठी दोन प्रसंग लिहू नयेत. एकच लिहून ‘ratra’ हे व्हेरिएबल खरे असेल तर भुट्ट्याचा कीस दाखवावा, नसेल तर तराजू. गराडू (तळलेले कंद) मात्र थंडीतच दिसायला हवेत, तेव्हा ऋतूसाठी आणखी एक व्हेरिएबल आताच राखून ठेवा.