कुर्त्यावर ‘माता’ की ‘आई’?

आईच्या साठीनिमित्त तिला सुती कुर्ता द्यावयाचा असून त्यावर मराठी ‘माता’, कन्नड ‘तायि’, तमिळ ‘ताय्’, जपानी ‘हाहा’, जॉर्जियन ‘मामा’ हे शब्द आणि पाठीवर ‘आई, आम्ही आपले ऋणी आहोत’ हे वाक्य छापावयाचे आहे. यात काही चुकते आहे काय, असे एका भगिनीने विचारले आहे.

उघड चूक एकच आहे. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील, आईला ‘देदा’ म्हणतात. मकार दिसला की आई, हा आपला भरवसा आपल्या शेजारीही टिकत नाही: कन्नडमध्ये ‘अप्पा’ वडील आणि ‘अम्मा’ आई, पण त्याच कर्नाटकातल्या तुळू भाषेत ‘अप्पे’ म्हणजे आई आणि ‘अम्मे’ म्हणजे वडील.

बाकीचे शब्द कोशाप्रमाणे बरोबर असले, तरी मला ते कुर्त्यावर नकोत, कारण आईविषयी बोलण्याचा शब्द आणि आईला हाक मारण्याचा शब्द हे अनेक भाषांत वेगळे असतात आणि भेटीच्या वस्त्रावर शोभते ती हाक. तमिळ मूल घरात शिरताना ‘ताय्’ म्हणत नाही, ‘अम्मा’ म्हणते. कन्नड घरात ‘अम्मा’ किंवा ‘अव्वा’ ऐकू येते. शिवाय ‘तायि’ देवनागरीत छापल्यास आपल्याकडचा वाचक तो ‘ताई’ वाचून कुर्ता थोरल्या बहिणीचा समजेल. जपानी माणूस परक्यांशी बोलताना स्वतःच्या आईचा उल्लेख ‘हाहा’ असा करतो, पण तिला हाक मारतो ती ‘ओकाआसान’ अशी. गुजराती घेणार असाल तर ‘बा’ ही खरी हाक आहे; मात्र आपल्याकडे ‘बा’ म्हणजे बाप, त्यामुळे तो शब्द गुजराती लिपीतच असू द्यावा.

मराठीत ही अडचण नाही, कारण ‘आई’ हा शब्द दोन्ही कामे करतो. ‘माता’ भूमीला, गोमातेला किंवा जाहीर भाषणाला ठीक आहे, पण स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून कोणी ‘माते, भूक लागली’ म्हणाले तर ते नाटकातले वाक्य वाटेल. घरात ‘माय’ किंवा ‘आये’ म्हणत असाल तर तेच छापावे.

पाठीवरचे वाक्य मात्र बदलाच. वडिलांना ‘अहो बाबा’ म्हणणाऱ्या घरांतही आईला बहुधा ‘अगं’ आणि ‘तू’ असते. ‘आई’ आणि ‘आपले’ एकत्र आले की ते वाक्य सुनेने सासूबाईंसाठी लिहिल्यासारखे वाटते. ‘आई, आम्ही तुझे ऋणी आहोत’ हे व्याकरणाने निर्दोष आहे, पण माझे मत विचाराल तर नुसते ‘अगं आई’ पुरे. ‘माउली’ घालण्याचा मोह झालाच, तर शेवटचे अक्षर दीर्घ असल्यामुळे त्याआधीचा उकार ऱ्हस्व ठेवावा, म्हणजे ‘माउली’. ‘माऊली’ असे छापू नये.