सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल आलीये, अ‍ॅडमिनने काय करावं?
ती लगेच सगळ्यांसाठी डिलीट करा, अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेजही उडवता येतो, आणि थोडा वेळ ग्रुप फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असा ठेवा. पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफ असते, एपीके म्हणजे अँड्रॉइडचं अ‍ॅप, ते इन्स्टॉल करून एसएमएसची परवानगी दिली की बँकेचे ओटीपी सरळ चोराकडे, आरटीओ चलानच्या नावानेही हेच चालतं. ज्यांच्या नंबरवरून आली त्यांना ग्रुपवर झापू नका हो, बऱ्याचदा त्यांचाच फोन आधी हॅक झालेला असतो, कॉल करून सांगा. फक्त एक, ज्यांनी आधीच इन्स्टॉल केलंय ते डिलीटने वाचत नाहीत, त्यांनी नेट बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायचं, पैसे गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर १९३० लावायचा.