घरात अडकलेला उन्हाळा आणि कोरी वही

प्रिय मावशी,

मी ४३ वर्षांची, अकोल्यात राहते. फेब्रुवारीत सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालतात, पण त्यांना एकटं ठेवता येत नाही. त्यामुळे यंदा माहेरी जाणं नाही, सहल नाही, काहीच नाही. नणंदेचे, मैत्रिणींचे थंड हवेच्या ठिकाणचे फोटो रोज मोबाइलवर येतात आणि मन खट्टू होतं. कॉलेजात मला वनस्पतिशास्त्र होतं आणि पानं-फुलं वाळवून चिकटवण्याच्या फायली मी फार हौसेने करायचे. ते आठवून निसर्गाच्या नोंदी करायला एक जाड कागदाची सुंदर वही मागवली. महिना झाला, पहिलं पान कोरंच आहे. मला चित्र काढता येत नाही. लोकांच्या रंगवलेल्या वह्या बघितल्या की हात आखडतो. आणि हे म्हणतात, "पंचेचाळीस डिग्रीत रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, तू लिहिणार काय?" आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक कडुनिंब, समोरच्यांची पाण्याची टाकी आणि आमचा कूलर, एवढंच दिसतं. वही कुणाला तरी देऊन टाकू का?

– माधुरी (नाव बदललं आहे), अकोला

प्रिय माधुरी,

देऊ नकोस, पण सध्या ती कपाटात ठेव. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी साधी वही आण, तिला दोरीने पेन्सिल बांध आणि खिडकीजवळच्या खिळ्याला अडकव. पेन्सिलच हवी, कारण ओल्या हाताने शाई फिसकटते. जाड कागदाच्या वहीत काहीतरी चांगलंच उतरलं पाहिजे असा धाक वाटतो. साध्या वहीत कणकेच्या हातानेही दोन ओळी खरडता येतात, आणि तुला सध्या खरडण्याचीच गरज आहे.

आता तुझ्या खिडकीबद्दल. एक कडुनिंब, एक टाकी, एक कूलर. मी हे वाचलं तेव्हा मला तुझा हेवा वाटला, आणि हे मी तुझी समजूत घालायला म्हणत नाही. नोंदी करणाऱ्याला सगळ्यात जास्त गरज असते ती त्याच जागी, त्याच वेळी, पुन्हा पुन्हा बघायला मिळण्याची. थंड हवेच्या ठिकाणी चार दिवस गेलेल्या माणसाला झाडाचे चार दिवस दिसतात. तुला त्या कडुनिंबाचा अख्खा उन्हाळा दिसणार आहे.

पक्षितज्ज्ञ सलीम अलींचं उदाहरण सांगते. जर्मनीत शिकून ते १९३० मध्ये परत आले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी बंद झालेली. हाताला काम नाही, म्हणून बायकोबरोबर अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची घरटी होती. तीच ते पावसाळाभर रोज बघत बसले आणि टिपत गेले. त्यातून कळलं की नर घरटं अर्धंच विणतो, मादी येऊन ते पारखते, तिला पटलं तर ती मुक्काम करते आणि मग नर ते पुरं करतो. एवढं झालं की तोच नर शेजारी दुसरं घरटं दुसऱ्या मादीसाठी विणायला घेतो. सुगरणींच्या संसाराची ही गोष्ट तोवर कुणी इतकी नीट मांडली नव्हती. दूरच्या जंगलात जाऊन त्यांनी हे शोधलं नाही. ज्या काळात कुठे जाणं जमत नव्हतं, त्या काळात घराजवळ बसून शोधलं. तुझ्याकडून कुठल्या शोधाची अपेक्षा नाही, पण अडकून पडलेल्या माणसाकडे काय असतं ते लक्षात घे.

तर कडुनिंबाकडे बघ. फुलोरा सरला असेल आणि हिरव्या निंबोळ्यांचे घोस लागले असतील. एक घोस निवड, खिडकीतून रोज दिसेल असा, आणि आठवड्यातून एकदा त्याच्याबद्दल लिही: किती दाणे उरले, किती गळले, रंग बदलला का. जूनमध्ये पहिली पिवळी निंबोळी दिसेल त्या दिवसाची तारीख मोठ्या अक्षरात. मग साळुंख्या, बुलबुल आणि कोकिळा त्यावर कशा येतात तेही तिथेच दिसेल. झाडावर काटक्यांचं घरटं आहे का? असेल तर कावळ्याचं असण्याचा संभव मोठा, कारण या दिवसांतच त्यांची वीण असते, आणि जिथे कावळ्याचं घरटं तिथे कोकिळा घुटमळणारच. पहाटे कुहूकुहू करतो तो नर, काळाकुळकुळीत आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, ती गात नाही, नुसती किक्-किक् ओरडत पळते. अंडं मात्र तीच कावळ्याच्या घरट्यात घालून जाते. कावळे कोकिळांना कसे पिटाळून लावतात ते एकदा बघायला मिळालं की तुला फोटोंची आठवण होणार नाही.

उन्हाच्या वेळी बाहेर काही नसतं हे तुझ्या यजमानांचं म्हणणं बरोबर नाही, पण ते तसं का म्हणतात ते कळतं. दुपारी एक ते चार सगळे आपापल्या सावलीला बसलेले असतात, ती वेळ बघण्याची नाहीच. पहाटे साडेपाच ते साडेसात आणि दिवेलागण, या दोन वेळा धर. दुपारी फक्त एकच गोष्ट टिपायची: कोण कुठे बसलंय. कावळा चोच उघडी टाकून धापा टाकत टाकीच्या सावलीत, खार फांदीवर पोट टेकून पसरलेली. कूलरमधून ठिबकणाऱ्या पाण्यावर चिमण्या येतात, मधमाश्याही येतात. खिडकीच्या चौकटीत मातीचं बोराएवढं मडकं चिकटलेलं दिसलं तर झाडूने पाडू नकोस. ते कुंभारमाशीचं घर आहे. आत ती एक अंडं घालते, अळ्या आणून भरते आणि तोंड लिंपून टाकते. काही दिवसांनी मडक्याला भोक दिसेल, म्हणजे पिल्लू उडालं. लिंपल्याची तारीख आणि भोक पडल्याची तारीख या दोनच ओळी लिहिल्यास, तरी ती अस्सल नोंद झाली.

पक्ष्यांसाठी मातीचं पसरट भांडं ठेव, पाणी दोन बोटं खोल, मध्ये एक दगड. पाणी रोज बदलायचं, नाहीतर डास होतील.

चित्राचं दडपण तू सोडूनच दे. निंबाचं पान कागदावर ठेवायचं आणि कडेने पेन्सिल फिरवायची, तुझ्या त्या जुन्या फायलींसारखं वाळवून चिकटवलंस तरी उत्तम. शब्दांतलं चित्र तुला येतंच: "घोसात वीसेक दाणे, देठाकडचे मोठे, टोकाचे ज्वारीएवढे." याहून चांगलं वर्णन मी कुठे मागायला जाऊ? जे कळलं नाही ते प्रश्नचिन्ह टाकून लिहून ठेव. वर तारीख, वेळ, आभाळ कसं होतं ते. बस्स.

आता घराच्या आतलं. तुमच्याकडचा उन्हाळा कोरडा, म्हणून माठातलं पाणी इतकं गार होतं. माठाच्या छिद्रांतून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि ती जाताना आतली उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी, तितका माठ आणि कूलर गुणी. कोकणातल्या दमट हवेत हे इतकं साधत नाही. आणि यातच तुझ्यासाठी एक सुंदर नोंद दडलेली आहे. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, त्यानंतर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कधीतरी अशी एक संध्याकाळ येते की कूलर फुल्ल असूनही अंगाला चिकचिक होते आणि माठाचं पाणी कोमट लागतं. सगळे कूलरला नावं ठेवतात. खरं तर हवेत बाष्प आलेलं असतं, पाऊस वाटेवर असतो. ती तारीख लिही आणि पहिला मोठा पाऊस कधी पडला तेही. दरवर्षी लिहीत गेलीस तर तुझ्या घरचं हवामानखातं तयार होईल.

आणखी एक गंमत आहे, ती अकोल्यात मेच्या २३-२४ तारखेच्या सुमारास येते. दुपारी बारा वाजून वीस मिनिटांच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच नाहीशी होते. सावली नसलेला हा क्षण भारतात कर्कवृत्ताच्या दक्षिणेला वर्षातून दोनदा येतो, पण दुसऱ्या वेळी, जुलैत, आपल्याकडे ढग असतात. गच्चीवर एक पेला उभा ठेव, मुलांना बोलाव, पाचच मिनिटांचं काम. तुझे यजमान एरवी उन्हात बाहेर येणार नाहीत, पण या एका गोष्टीसाठी येतील बघ.

रात्री गच्चीवर झोपता का अजून? मेमध्ये नऊच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला वर असतात. त्यांच्या शेपटीची वळणदार रेघ पुढे ओढत नेली की केशरी स्वाती लागते आणि तशीच पुढे नेली की पांढरी चित्रा. थोडं थांबलीस तर आग्नेयेकडून वृश्चिक वर येतो, त्यातली लाल ज्येष्ठा चटकन ओळखू येते. त्या रात्री मधूनच टिटवी ओरडत जाईल. ती या दिवसांत उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि उन्हाने ती भाजू नयेत म्हणून पोटाची पिसं पाण्यात भिजवून येऊन त्यावर बसते.

टिटवीचं सासूबाईंना विचार. अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, सखल जागी घातली तर कमी, असं जुनी माणसं म्हणतात. हवामानशास्त्र म्हणून ते धरू नकोस, पण त्यांच्याकडून ऐकून लिहून घे. पावसाची नक्षत्रं, त्यांची वाहनं, मृगाचे लाल मखमली किडे, पूर्वी अंगणात कुरडयांचा चीक शिजायचा तो कसा, गहू किती दिवस भिजवायचे, हे सगळं त्यांच्या डोक्यात असेल. खाटेवर पडलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही, फक्त औषध घेतलं का एवढंच विचारतात. त्यांची खाट शक्य असेल तर खिडकीकडे वळव. पहाटे तू चहा करत असताना कोकीळ किती वाजता पहिल्यांदा बोलला हे त्या सांगतील, कारण त्यांना झोप नसते. तेवढा रकाना त्यांच्या नावाचा ठेव. कुरडया घरी घालणं यंदा नको, तुझी कामं आधीच पुरेशी आहेत, पण गव्हाचा वाटीभर चीक गूळ-तूप घालून दोघींना खायला काय हरकत आहे? तोही लिही, पन्ह्याला कैऱ्या किती लागल्या तेही. निसर्गाची वही फक्त पक्ष्यांची असते असं कुणी ठरवलं?

मात्र एक गोष्ट वहीने होणार नाही. फेब्रुवारीपासून तुला एकही मोकळी सकाळ मिळालेली नाही, हे तू पत्रात लिहिलं नाहीस, पण प्रत्येक ओळीत दिसतं. मन खट्टू होण्याचं कारण थंड हवेचे फोटो नाहीत, हा थकवा आहे. तो कडुनिंब बघून जात नाही. यजमानांना स्पष्ट सांग, चिडून नाही आणि आडूनही नाही: "दर रविवारी पहाटे पाच ते नऊ आईंजवळ तुम्ही." आई त्यांची आहे, चार तास हे उपकार नव्हेत. नणंदेलाही फोन कर आणि सहलीहून आल्यावर आठवडाभर आईकडे राहायला ये म्हण. फोटोंबद्दल काही बोलू नकोस, फक्त तारखा विचार.

पहिला रविवार मिळाला की काटेपूर्णा धरणाकडे जा, एखादी मैत्रीण घेऊन. उन्हाळ्यात पाणी आटत जातं तसे पक्षी उरलेल्या पाण्याभोवती गोळा होतात, आणि आठ वाजायच्या आत सगळं बघून परत फिरता येतं. पाण्याची बाटली, टोपी आणि कपाटातली ती जाड वही बरोबर ने.

– तुझी मावशी