कोळ्यांच्या आधी घरातला अबोला

गोव्यातल्या वाळपईहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलाला बारावी सायन्सला ६८ टक्के पडले, 'नीट' या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, आसपासही पोचला नाही. माळ्यावर प्लास्टिकच्या डब्यांत तो टॅरॅन्टुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळायचा. दुर्मीळ जातींची घरी पैदास करून त्यांना वाचवायचं, हा त्याचा ध्यास. परीक्षेच्या तोंडावर वडिलांनी ते डबे काजूच्या बागेत नेऊन उपडे केले. तेव्हापासून मुलगा त्यांच्याशी बोलत नाही. "यात भविष्य नाही, 'नीट'ची परीक्षा रिपीट कर, असं तुम्हीच त्याला समजवा," असं ते लिहितात.

हे मी त्याला सांगणार नाही. मला काळजी मार्कांची वाटली नाही, उपड्या केलेल्या डब्यांची वाटली. मुलाच्या वहीतल्या एका पानाचा फोटो तुम्ही त्याच्या वेडाचा पुरावा म्हणून जोडला आहे. ते पान मी नीट वाचलं. तारीख, डब्याचा नंबर, किती झुरळं दिली, किती शिल्लक राहिली. एका मादीने कात टाकली, तिथे कातेचं माप मिलिमीटरमध्ये आणि खाली सूचना: 'सुळे अजून मऊ आहेत, आठ-दहा दिवस खाणं नको.' बारावीची जर्नल्स मुलं एकमेकांची बघून उतरवतात, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. हे पान मात्र त्याने कुणीही न सांगता, रोज रात्री स्वतः लिहिलंय. आणि तुम्ही त्याला सांगितलंत की हे फेकण्याच्या लायकीचं आहे. वर त्याला मेडिकलला ढकलायचं, तेही शेजारपाजारचे हसतात म्हणून! पत्रात शेजाऱ्यांचा उल्लेख तीनदा आहे. मुलाला काय वाटतं, याबद्दल एक ओळ नाही.

त्याची माफी मागा. कसं बोलू, असा प्रश्न पडला तर वही मागून घ्या आणि त्याच्यासमोर बसून वाचा.

आता पुढचं मुलासाठी. बाळा, घरी पैदास केली की जात वाचते, ही समजूत सोडून दे. आंध्रातल्या गुत्तीच्या नावाने ओळखला जाणारा निळा टॅरॅन्टुला, पोइसिलोथेरिया मेटॅलिका, तुला माहीत असणारच. युरोप-अमेरिकेत हौशी लोकांकडे त्याची भरपूर पैदास होते. तरीही आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे, कारण तो जुन्या झाडांच्या ढोलीत राहतो आणि ती झाडंच तुटताहेत. हौशी पैदाशीमुळे फार तर जंगलातून कोळी पकडण्याचं प्रमाण कमी होईल. मूळ ठिकाणाची नोंद नसलेली, जाती मिसळलेली पिल्लं जंगलात परत सोडता येत नाहीत. इंग्लंडच्या चेस्टर प्राणीसंग्रहालयाने २०१६ मध्ये माँटसेरात या कॅरिबियन बेटावरच्या टॅरॅन्टुलाची पिल्लं जन्माला घातली. आधी ते कुणालाच जमलं नव्हतं. त्यामागे काही वर्षांचा अभ्यास होता. हा कोळी निसर्गात कसा जगतो, याचीच माहिती फार थोडी होती. ती माहिती मिळवणं हे खरं काम, आणि आपल्या पश्चिम घाटात ते ढीगभर पडलंय. दरडीच्या मातीत बिळं करणारा थ्रिग्मोपियस हा टॅरॅन्टुला तुझ्या घरापासून फार लांब नसेल. त्याला पकडू नकोस, बिळाची नोंद ठेव. म्हादई अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलणं गुन्हा आहे. पोइसिलोथेरियाच्या सगळ्या जाती २०१९ पासून साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगायचे तर नोंदणी सक्तीची आहे. ऑनलाइन विकणाऱ्याने कागद दिले नसतील, तर तो व्यवहार तिथेच बंद कर.

नुसते कोळी विकून पोट भरणार नाही, हे वडिलांचं म्हणणं मला मान्य आहे. बीएस्सी प्राणीशास्त्र, मग गोवा विद्यापीठात एमएस्सी किंवा डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची प्रवेश परीक्षा, हा मार्ग सरळ आहे. नोकऱ्या थोड्या आहेत, पगार उशिरा वाढतो. पण पैदाशीचं काम करणाऱ्या संस्था आपल्याकडेही आहेत: चेन्नईजवळच्या क्रोकोडाइल बँकेत मगरी, हरयाणात पिंजोरला गिधाडं. तिथे रोज नेमाने नोंदी ठेवणारी माणसं लागतात.

वडिलांनो, रिपीटच्या क्लासची फी अजून भरली नसेल, तर भरू नका. बीएस्सीच्या प्रवेशाच्या तारखा आधी बघा. आणि पुढचं पत्र त्याला स्वतःला लिहू द्या.