साथीच्या काळात अपस्माराच्या रुग्णाची काळजी कशी घ्यावी?

निव्वळ अपस्मार असल्यामुळे कोविडची लागण अधिक होते असे नाही. खरा धोका गोळ्यांत खंड पडण्याचा असतो, म्हणून घरात निदान महिनाभराचा साठा ठेवावा आणि दवाखाना गाठणे अवघड असल्यास फोनवरून सल्ला घ्यावा, ज्यासाठी भारतात मार्च २०२० मध्येच मार्गदर्शक तत्त्वे निघाली. ताप आणि जागरण यांमुळे झटके वाढू शकतात. कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन ही अपस्मारावरील औषधे चालू असताना पॅक्सलोविड हे कोविडवरील औषध देता येत नाही, तेव्हा कोविडचे औषध घेण्यापूर्वी गोळ्यांची पट्टीच डॉक्टरांपुढे धरावी. झटका आलाच तर मास्क काढून रुग्णाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे (कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये) आणि पाच मिनिटांत झटका न थांबल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.