सरकारी अनुदानाचा लहान धंद्यांना खरंच उपयोग होतो का? आणि तो मोजायचा कसा?

होतो. पण इतकी कर्जं मंजूर, इतक्या कोटींचं वाटप, असल्या आकड्यांवरून तो कळत नाही. तो सरकारच्या खर्चाचा हिशेब झाला.

इंदूरला सांवेर रोडवर माझं भाजणी, मेतकूट आणि मसाल्यांचं युनिट आहे, पीएमईजीपीतून, म्हणजे नव्या लहान धंद्याला बँकेचं कर्ज आणि सरकारी अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेतून, उभं केलेलं. युनिटच्या खर्चातले स्वतःचे ५ टक्के, उरलेलं बँकेचं कर्ज, आणि शहरी भागातली महिला म्हणून अनुदान २५ टक्के. हे अनुदान हातात पडत नाही. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि युनिट चालू असल्याची तपासणी झाली की कर्जात वळतं होतं. माझ्याकडे तपासणीला आलेल्या माणसानं पाटीचा फोटो काढला, पल्व्हरायझरचा, म्हणजे दळणाच्या मशीनचा, काढला, मला मशीनशेजारी उभं करून आणखी एक काढला. कामाला किती माणसं, तेवढा आकडा लिहून घेतला. मी पगाराची वही पुढे केली. तिघीजणी पहिल्यापासून माझ्याकडे आहेत, एकीच्या मुलीची कॉलेजची फी याच पगारातून जाते. त्यानं वही उघडली नाही. मला त्याचा अजून राग आहे, कारण योजनेचं फळ त्या वहीत होतं. आमच्याच रांगेत एका युनिटला कधीचं कुलूप आहे, आणि मंजुरीच्या यादीत ते आणि मी सारखेच.

मोजायचं तर पाच वर्षांनी मोजा, किती पगार वाटला ते बघा. आणि ज्यांचे अर्ज थोडक्यात हुकले, त्यांचं काय झालं तेही बघा. त्यांनी कर्जाशिवायही तेवढंच केलं असेल, तर योजनेनं काही केलं नाही.

आमचे थोरले भावजी आजही चारचौघांत म्हणतात, "सरकारच्या पैशावर कुणीही धंदा करेल." ते सियागंजातल्या वडिलोपार्जित दुकानात बसतात, भाडं द्यावं लागत नाही. त्यांना मिळालं ते भांडवल आणि मला मिळालं ते फुकटचं, हे मी मान्य करणार नाही. माझे हप्ते मी फेडले आहेत, व्याजासकट. माझ्याजवळ तारण ठेवायला काही नव्हतं, म्हणून ही योजना लागली.

तुम्ही अर्ज करणार असाल तर पगार पहिल्या महिन्यापासून बँकेतून द्या, म्हणजे कुणी काही बोललं तर कागद दाखवता येतो. मात्र हे पहिलं कर्ज नव्या युनिटलाच मिळतं, आधीपासून चालू असलेल्या धंद्याला नाही.