जपानी वाचता येत नसेल तर जुन्या जपानी गेमच्या कोणत्या कॅसेटी मागवाव्यात?

तुम्ही विचारलंय की भाचा दिवाळीला ओसाकाहून येतोय, तिकडे जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी टोपलीत पडलेल्या असतात आणि त्यातही बेसबॉल, फुटबॉल, गोल्फच्या सगळ्यात स्वस्त मिळतात. जपानी एक अक्षर येत नाही, तर त्या मागवून उपयोग आहे का, आणि मागवायच्या तर कोणत्या?

मागवा. जपानी न येणाऱ्या माणसाने जुन्या जपानी गेम घ्यायच्या झाल्या तर खेळांच्याच घ्याव्यात, असं माझं ठाम मत आहे. नोकरीमुळे चार वर्षं टोकियोत निशिकासाईला राहिलो. शनिवारची संध्याकाळ बहुतेक वेळा जुन्या वस्तूंच्या दुकानात जायची. तिथे 'जंक' अशी पाटी लावलेला एक कोपरा असतो. चालेल याची हमी नाही, परत घेणार नाही, अशा बोलीवर विकायला ठेवलेला माल. त्या टोपलीत हात घातला की आधी हाताला लागते ती बेसबॉलची कॅसेट. दरवर्षी खेळाडू बदलायचे, म्हणून दरवर्षी नवी कॅसेट निघायची आणि आधीची अडगळीत जायची. त्या स्वस्त आहेत ते घरोघरी होत्या म्हणून, वाईट आहेत म्हणून नव्हे.

सुरुवात करा 'फॅमिली स्टेडियम' या बेसबॉलच्या गेमपासून. तिकडे लाडाने 'फामिस्ता' म्हणतात. भाच्याने दुकानात एवढा एक शब्द उच्चारला तरी काम होईल.

निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडून या कॅसेटी खेळायचं यंत्र, जुलै 1983 मध्ये 14,800 येनला बाजारात आला आणि त्याच डिसेंबरात त्यांचा 'बेसबॉल' निघाला. तो खेळून पाहिला तर एक गोष्ट लगेच खटकते. चेंडू टोलवला की क्षेत्ररक्षक आपले आपण धावतात, तुम्ही नुसते बघत बसता. डिसेंबर 1986 मध्ये नामको कंपनीने 'फामिस्ता' काढला आणि ते क्षेत्ररक्षक तुमच्या हातात दिले. शिवाय प्रत्येक खेळाडूला स्वतःचा स्वभाव दिला. कुणी ताकदीचा, कुणी चपळ, कुणी नुसताच भरतीचा. टाकणारा दमला की त्याचा चेंडू मंदावतो, मग बदली कधी आणायचा हे तुम्ही ठरवायचं.

यात भाषा कुठे आडवी येते? येतच नाही. रिमोटवरची फुली म्हणजेच मैदान आहे. उजवीकडे दाबलं की चेंडू पहिल्या बेसकडे, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या चार थांब्यांतल्या पहिल्याकडे, वर दुसऱ्या, डावीकडे तिसऱ्या आणि खाली दाबलं की घरच्या बेसकडे. माझ्या आईला बेसबॉलचा एकही नियम माहीत नव्हता. ती निशिकासाईला महिनाभर राहायला आली तेव्हा चौथ्या संध्याकाळी तिने मला बाद केलं होतं.

आणि टाकण्याची मजा काय सांगू! आपल्याकडे स्विंग करणाऱ्याच्या हातातून चेंडू सुटला की त्याचं काम संपलं. इथे चेंडू सुटल्यावरही फुली डावी-उजवी दाबून तो हवेत वळवता येतो. समोरचा फलंदाजही स्वस्थ बसत नाही, आखून दिलेल्या चौकटीत पुढेमागे सरकतो. म्हणजे चेंडू हवेत असतानाच दोघांची लढाई चाललेली असते, एक बाहेर काढू पाहतोय, दुसरा त्याच्याकडे झुकतोय. हे सगळं सेकंदाहून थोड्या जास्त वेळात. दोघं सोफ्यावर शेजारी बसून खेळत असाल तर शेजाऱ्याचा अंगठा कुठे जातो हे न बघण्याचा अलिखित करार करावा लागतो.

पडद्यावरची जपानी नावं वाचता आली नाहीत तरी अडत नाही, पण त्यामागची गंमत माहीत असू द्या. खऱ्या संघांची परवानगी नव्हती, म्हणून नावं थोडी मोडून आणि तीन-चार अक्षरांत बसवून लिहिली. हान्शिन टायगर्सचे झाले 'टायटन्स', सेइबू लायन्सचे 'लायोनेल्स'. टायगर्सचा खरा फलंदाज रँडी बास इथे 'बाआसु' आहे, जायंट्सचा क्रोमार्टी 'कुरोमाते'. त्या काळी हान्क्यू, किन्तेत्सू आणि नान्काई या तीन रेल्वे कंपन्यांचे आपापले संघ होते. जागा पुरेना म्हणून तिघांना मिळून एकच संघ केला आणि नाव दिलं 'रेलवेज'. च्युइंगगमवाल्या लोत्तेचा आणि हॅमवाल्या निप्पॉन हॅमचा मिळून 'फूड्स फूड्स'. आणि नामकोने स्वतःच्या गेममधली पात्रं घेऊन एक संघ उभा केला, त्यात पिनो नावाचा एक जण आहे. तो इतका पळतो की त्याने चेंडू नुसता जमिनीवर टेकवला तरी पहिला बेस त्याचाच. लहान मुलाबरोबर खेळणार असाल तर पिनोचा संघ त्याला द्या.

आता हे एवढं सगळं मला का भावतं ते सांगतो. फॅमिकॉमच्या पडद्यावर एका वेळी 64 हलती चित्रं आणि एका आडव्या ओळीत फक्त आठ. नववं आलं की काहीतरी लुकलुकायला लागतं. इतक्या तुटपुंज्या सामानात आख्खा खेळ मावणं शक्यच नव्हतं, म्हणून बनवणाऱ्यांना ठरवावं लागलं की या खेळातलं आपल्याला खरोखर काय हवंय. बेसबॉलमध्ये त्यांनी टाकणारा आणि मारणारा यांच्यातला तो सेकंद उचलला. बाकी सगळं त्यासाठी बाजूला सारलं.

गोल्फचंही तेच. 1984 चा फॅमिकॉमवरचा 'गोल्फ' लिहिला सातोरू इवाता यांनी. पुढे 2002 मध्ये ते निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले, पण तेव्हा एचएएल लॅबोरेटरीत प्रोग्रामर होते. 18 होल एवढ्याशा मेमरीत बसणार नाहीत म्हणून इतरांनी हे काम नाकारलं होतं. इवातांनी माहिती दाबून बसवण्याची स्वतःची युक्ती काढली आणि बसवून दाखवलं. गोल्फचा झोका कसा दाखवायचा, तर खाली एक पट्टी. पहिल्यांदा बटण दाबलं की खूण सरकायला लागते, दुसऱ्यांदा दाबलं की जोर ठरतो, तिसऱ्यांदा दाबलं की नेम. तीन टिचक्या. आज तुम्ही मोबाइलवर गोल्फची गेम उतरवलीत तर त्या पट्टीचीच कुठली तरी नात-पणती तिथे दिसण्याची शक्यता फार. इवाता 11 जुलै 2015 रोजी गेले. 2017 मध्ये निन्टेन्डोचा स्विच आला आणि काही महिन्यांनी लोकांच्या लक्षात आलं की त्याच्या पोटात हा 'गोल्फ' लपवून ठेवलाय. 11 जुलै ही तारीख असेल आणि दोन्ही हातांतले कंट्रोलर इवाता भाषणात करायचे त्या हातवाऱ्याने हलवले तरच तो उघडायचा. पुढच्या अपडेटमध्ये तो काढून टाकला. मला हे वाचून त्या रात्री झोप लागली नव्हती.

तिसरी गोष्ट कुनिओ-कुनची. टेक्नोस जपान कंपनीचा हा आडदांड शाळकरी पोरगा मुळात मारामारीच्या गेममधला, पण त्याला त्यांनी डॉजबॉल खेळायला लावलं, मग फुटबॉल, हॉकी, बास्केटबॉल. यातली 1990 ची 'दाइउन्दोकाई' भाच्याला नक्की शोधायला सांगा. उन्दोकाई म्हणजे शाळेचा क्रीडादिन. माझी मुलगी निशिकासाईच्या शाळेत पहिलीत होती तेव्हा पहिल्यांदा पाहिला. लाल टोप्या एकीकडे, पांढऱ्या दुसरीकडे, मैदानाच्या कडेने निळ्या चादरी अंथरून आजी-आजोबा डबे उघडून बसलेले, आणि शेवटच्या आलेल्या पोराला सगळ्यात मोठ्या टाळ्या. कॅसेटमध्ये हाच दिवस आहे, फक्त वेगवेगळ्या शाळांची पोरं एकमेकांना ढकलत, लाथा घालत गावातून, लोकांच्या घरांतून आणि छपरांवरून शर्यत धावतात. चार रिमोट लावायची जोडणी मिळाली तर चौघं एका वेळी खेळू शकतात. चार भावंडं जमणारं घर असेल तर यासारखी कॅसेट नाही.

कुनिओचा फुटबॉल आपल्यातल्या काहींनी न कळत खेळलेलाही असेल. नव्वदीत आपल्या बाजारात फॅमिकॉमच्या ज्या नकला मिळायच्या, त्यांत जपानी मापाचीच, म्हणजे 60 पिनांची कॅसेट बसायची. त्यामुळे कित्येकदा आतली गेमही जपानीच असायची. सांगलीला आमच्या घरी असंच एक यंत्र होतं. पडद्यावरची ती किडामुंगीसारखी अक्षरं आम्ही चिनी समजायचो. कुठल्या ओळीवर बाण नेला की मॅच सुरू होते एवढं पाठ होतं, तेवढं पुरायचं.

त्यावरून एक महत्त्वाचं. ते यंत्र अजून घरात चालू असेल तर फॅमिकॉमची कॅसेट त्यात बसेल, पण आपली बरीच यंत्रं 'पाल' (PAL) या टीव्ही-पद्धतीची, सेकंदाला 50 चित्रांची. जपानचं यंत्र 60 ची. गेमचं घड्याळ चित्रांवरच चालतं, म्हणून आपल्याकडे सगळं सहात पाच इतकं मंद व्हायचं, संगीतसुद्धा. मी टोकियोत पहिल्यांदा खऱ्या फॅमिकॉमवर खेळलो तेव्हा प्रत्येक चेंडूला बॅट उशिरा फिरत होती. बालपणी हाताला बसलेला ताल सुटायला आठवडा लागला. म्हणून जमलं तर यंत्र तिकडचंच मागवा.

कोणतं? पहिला फॅमिकॉम दिसायला देखणा, पण तो अँटेनाच्या वायरीतून चित्र पाठवतो, तेही जपानी चॅनेलवर. आपल्या टीव्हीशी ते जुळवताना जीव जातो. 1993 मध्ये आलेल्या नव्या फॅमिकॉमला पिवळ्या पिनेची एव्ही वायर लागते, तो बरा. तो महाग वाटला तर सुपर फॅमिकॉम, म्हणजे निन्टेन्डोचं त्यानंतरचं यंत्र घ्या, त्यालाही एव्ही आहे, पण त्याच्या कॅसेटी वेगळ्या. अडॅप्टर मात्र दोन्हीचा 100 व्होल्टचा. तो थेट आपल्या 230 च्या प्लगमध्ये घालू नका, मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. माझा एक अडॅप्टर परत आल्यावर पहिल्याच दिवशी धूर काढून गेला. टीव्हीवर 'गेम मोड' असेल तर तो लावा. नव्या टीव्हीत चित्र किंचित उशिरा उमटतं आणि बेसबॉलसारख्या वेळेवर चालणाऱ्या गेमचा त्याने पार विचका होतो.

सुपर फॅमिकॉम घेतलात तर कोनामी कंपनीचा 'पावाफुल पुरो याक्यू' (पुरो याक्यू म्हणजे व्यावसायिक बेसबॉल), तिकडच्या बोलीत 'पावापुरो'. पहिला 1994 चा. पाय नसलेले, गोल डोक्याचे खेळाडू, आणि सोबत निवेदकाचा खराखुरा आवाज. इथे नुसती वेळ साधून चालत नाही, चेंडू उंच येतोय की खाली हे बघून खूणही तिथे न्यावी लागते. 'फामिस्ता'पेक्षा अवघड, पण एकदा जमलं की बॅटचा तो आवाज कानातून जात नाही. 1996 च्या तिसऱ्या भागात नवखा खेळाडू घडवण्याचा एक प्रकार आहे, तो पुष्कळ जपानी वाचल्याशिवाय जमत नाही. तो सोडून बाकी मॅचेस खुशाल खेळा.

टीव्हीला यंत्र जोडायची भानगडच नको असेल तर गेम बॉय, हातात धरून खेळायचा. त्याच्या कॅसेटीला देशाचं बंधन नाही, जपानची कॅसेट कुठल्याही गेम बॉयमध्ये चालते आणि वीज म्हणजे साधे पेन्सिल सेल. 1989 चा 'टेनिस' घ्या. चार छटांचा पडदा, पंचाच्या उंच खुर्चीवर मारिओ बसलेला, आणि रॅली सुरू झाली की चेंडूचा नुसता टक-टक आवाज. बसच्या प्रवासात माझ्या खिशात अजून तोच असतो.

आता कोणत्या मागवू नयेत. 1988 ची 'कॅप्टन त्सुबासा' दिसायला फुटबॉल आहे, पण प्रत्येक पासला जपानीत पर्याय विचारते. गेम सुंदर आहे, पण भाषेशिवाय कळणार नाही. त्याच वर्षीची 'बेस्ट प्ले पुरो याक्यू' ही संघ चालवण्याची गेम. तुम्ही आकडे भरायचे, मॅच आपली आपण होते. ती बनवणाऱ्या सोनोबेंचीच 'डर्बी स्टॅलियन' ही घोड्यांची पैदास करण्याची गेम. दोन्ही वाचणाऱ्या माणसासाठी आहेत.

भाच्याला एवढंच सांगा की कॅसेटच्या खालच्या धातूच्या पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर घाबरू नको, कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसल्या की बहुतेक चालतात. फुंकर मात्र मारायची नाही, लाळेने पट्ट्या गंजतात. आणि मागच्या बाजूला स्केचपेनने कुणा पोराचं नाव लिहिलेलं असेल तर ती कॅसेट दुकानात आणखी स्वस्त मिळते. माझ्या 'फामिस्ता'वर असंच एक वाकड्यातिकड्या हिरागाना या जपानी लिपीत लिहिलेलं नाव आहे, खाली इयत्ता तिसरी. ते मी पुसलेलं नाही.